ध्यानसुत्तांची मराठी परिभाषा : संज्ञा, क्रियापदे आणि दृष्टान्त

पाली त्रिपिटकातील ध्यानविषयक सुत्तांचा मराठी वाचकाशी परिचय होऊन आता शतकाहून अधिक काळ लोटला आहे. या काळात सुत्तांच्या आशयाविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले. परंतु तो आशय ज्या भाषेतून मराठीत उतरला त्या भाषेची चिकित्सा मात्र फारशी झालेली नाही. मन, त्याचे भटकणे, त्याला आवरणे आणि वळण लावणे हा या सुत्तांचा विषय. तो सांगण्यासाठी मराठीने संस्कृतातून जी पारिभाषिक शब्दावली घेतली तिचे बहुतेक शब्द मराठीत आधीपासूनच निराळ्या अर्थांनी नांदत होते. त्यामुळे वाचकाला शब्द ओळखीचा वाटतो, पण त्याची ओळख दुसऱ्याच अर्थाशी असते. अपरिचित शब्दापेक्षा असा अर्धपरिचित शब्द अधिक दिशाभूल करतो, हे भाषेच्या अभ्यासकाला निराळे सांगावयास नको.

प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे. सुत्तांचा अर्थ मराठीत कशाच्या आधाराने सुरक्षित पोचतो : पारिभाषिक संज्ञांच्या, क्रियापदांच्या की दृष्टान्तांच्या? या प्रश्नाची परीक्षा पुण्यामुंबईच्या सुशिक्षित वाचकावर घेण्यापेक्षा पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांतून पदव्युत्तर वर्गात येणाऱ्या विद्यार्थ्यावर घेणे अधिक उपयुक्त ठरेल. २०११ च्या जनगणनेनुसार या दोन्ही तालुक्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. घरात वारली, कोकणा, ठाकरी किंवा कातकरी बोली, शाळेत प्रमाण मराठी आणि विद्यापीठात संस्कृतप्रचुर मराठी, असे भाषेचे तीन थर हा विद्यार्थी ओलांडून येतो. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या सातव्या खंडापासून (१९०५) या परिसरातील बोलींचा विचार मराठीच्या अनुषंगाने होत आला आहे. परंतु अनुवादाची भाषा ठरवताना त्यांची आठवण क्वचितच झाली.

१

मराठीतील पाली अध्ययनाचा पाया धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांनी घातला, हे निर्विवाद आहे. गोव्यातील साखवाळ येथे जन्मलेल्या या अभ्यासकाने सिंहलद्वीपात पालीचे अध्ययन केले, पुढे १९१२ ते १९१८ या काळात फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली आणि विसुद्धिमग्गाच्या संपादनावर आयुष्याची अनेक वर्षे वेचली. त्यांची देवनागरी प्रत १९४० मध्ये मुंबईत निघाली. वॉरन यांच्या कामाच्या आधारे त्यांनी सिद्ध केलेली रोमन प्रत हार्वर्डच्या ग्रंथमालेत त्यांच्या निधनानंतर, १९५० मध्ये, प्रसिद्ध झाली. ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ (१९१०) व ‘भगवान बुद्ध’ हे त्यांचे ग्रंथ सर्वपरिचित आहेत. परंतु ध्यानाच्या परिभाषेच्या दृष्टीने महत्त्वाचे पुस्तक म्हणजे ‘समाधिमार्ग’ (१९२५). बुद्धघोषाने पाचव्या शतकात मांडलेल्या कर्मस्थानांच्या व्यवस्थेचा मराठीतील पहिला सुबोध परिचय म्हणून त्याचे स्थान आजही अढळ आहे.

कोसंबींच्या गद्याचा गुण त्याच्या साधेपणात आहे. वाक्ये आटोपशीर, निवेदन स्वच्छ, पांडित्याचे ओझे कोठेही नाही. परंतु या साध्या वाक्यरचनेत पारिभाषिक शब्द मात्र बहुधा संस्कृत रूपातच येतात : आनापानस्मृती, कायगतास्मृती, ब्रह्मविहार, अनुस्मृती. त्यांच्या काळाचा विचार करता हे स्वाभाविक होते. मराठी सुशिक्षिताला संस्कृत येत होते, पाली येत नव्हती. आणि बौद्ध विचार हा भारतीय विचारपरंपरेचाच भाग आहे, हे दाखवून देण्याची त्या पिढीला निकड होती. ‘स्मृती’, ‘समाधी’, ‘उपेक्षा’ हे शब्द ठेवले की योगसूत्रांशी असलेले नाते आपोआप डोळ्यांपुढे येते. मैत्री, करुणा, मुदिता व उपेक्षा ही चौकडी पतंजलीच्या पहिल्या पादातही आहेच.

पुढील काळात पु. वि. बापट यांचा विमुत्तिमग्ग व विसुद्धिमग्ग यांचा तौलनिक अभ्यास (१९३७), ना. के. भागवत यांच्या देवनागरी पाली संहिता आणि चिं. वि. जोशी यांचे लेखन यांमुळे अभ्यासाची साधने वाढली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, आणि या वाङ्मयाचा वाचकवर्गच बदलला. ज्यांच्या घरात संस्कृतची परंपरा नव्हती, असे असंख्य वाचक प्रथमच या ग्रंथांकडे स्वतःचे ग्रंथ म्हणून पाहू लागले. १९७६ मध्ये इगतपुरी येथे विपश्यनेचे केंद्र सुरू झाले आणि सतिपट्ठानसुत्त हे अध्ययनाबरोबर आचरणाचेही पुस्तक झाले. इगतपुरी मोखाड्याला लागूनच आहे. म्हणजे ज्या सुत्तांच्या परिभाषेची येथे चर्चा आहे ती भाषा मोखाड्याच्या वेशीवर रोज उच्चारली जाते. वाचक असे बदलत गेले, परिभाषा मात्र १९२५ च्या वळणावरच राहिली.

२

ही परिभाषा मराठीत कशी वागते ते पाहावयाचे तर तिचे तीन गट करणे सोयीचे होईल.

पहिल्या गटात अर्थसंकोच झालेले शब्द येतात. ‘वेदना’ हे त्याचे ठळक उदाहरण. पालीत सुखा, दुक्खा आणि अदुक्खमसुखा अशा तीन वेदना आहेत. मराठीत मात्र मोल्सवर्थच्या कोशापासून आजच्या दवाखान्यापर्यंत वेदना म्हणजे दुखणे. ‘वेदनानुपश्यना’ हा शब्द वाचून विद्यार्थी दुखण्याकडे पाहण्याची साधना समजतो आणि ‘सुखद वेदना’ हा त्याला वदतोव्याघात वाटतो. हा दोष टाळण्यासाठी इगतपुरीच्या परंपरेत ‘संवेदना’ हा शब्द रूढ झाला. त्याने दुखण्याचा अर्थ गेला खरा, परंतु दोन नव्या अडचणी आल्या. एक तर संवेदना म्हटले की त्वचेवरचे, शरीरावरचे जाणवणे एवढेच मनात येते. सुत्तात तर चेतसिक, म्हणजे मनाच्या, वेदनेचाही विचार आहे. दुसरे म्हणजे शोकसभेत ‘संवेदना व्यक्त करण्या’ची मराठीला आता सवय झाली आहे.

दुसऱ्या गटात अर्थ जवळजवळ उलटलेले शब्द आहेत. ‘उपेक्षा’ हा त्यातला सर्वांत घातक. पालीतील उपेक्खा ही ब्रह्मविहारांपैकी चौथी आणि बोज्झंगांपैकी सातवी. म्हणजे प्रशिक्षित मनाच्या परिपक्वतेची खूण. मराठीत उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष, हेळसांड. जव्हार आणि मोखाडा यांच्याविषयी मराठी वृत्तपत्रांत जे शब्द सर्वाधिक वेळा छापले गेले असतील त्यांत ‘उपेक्षित’ हा एक असावा. १९९० च्या दशकाच्या आरंभी वावर-वांगणी परिसरातील बालमृत्यूंची वार्ता राज्यभर पोचल्यापासून तर तो या तालुक्यांचे विशेषणच होऊन बसला. त्या परिसरातून आलेल्या विद्यार्थ्यापुढे ‘उपेक्षा ही मनाची श्रेष्ठ अवस्था होय’ असे वाक्य ठेवल्यास त्याला ते निर्दय वाटेल, आणि त्याच्या भाषेपुरते त्याचे चुकणार नाही. ‘समभाव’, ‘तटस्थता’ हे पर्याय सुचवले जातात. तटस्थता म्हणजे काठावर उभे राहणे. त्यातही अलिप्ततेची थंडी आहेच. ‘समतोल’ हा साधा शब्द त्यातल्या त्यात बरा. तो तराजूच्या दांडीशी जोडलेला असल्याने त्यात दोन्ही पारड्यांची दखल घेतली जाते.

तिसऱ्या गटात अर्थांतर झालेले शब्द आहेत. ‘संस्कार’ म्हणजे मुंज-विवाहादी विधी किंवा चांगले वळण. ‘प्रपंच’ म्हणजे संसार, तर पालीतील पपंच म्हणजे मनाने एका जाणिवेतून उभा केलेला विचारांचा पसारा. ‘समाधी’ म्हणजे गावोगाव दिसणारे सत्पुरुषाचे स्मारक. खुद्द ‘समाधिमार्ग’ हे नावही अनभिज्ञ वाचकाला देहत्यागाची वाट वाटू शकेल. ‘भावना’ हा शब्द विशेष विचारार्ह आहे. मराठीत त्याचा रूढ अर्थ मनोविकार. चित्तभावना म्हणजे चित्तातील हळवेपणा नव्हे, तर चित्ताची घडण, त्याची वाढ. गमतीची गोष्ट अशी की हा जुना अर्थ मराठीतून पूर्णपणे गेलेला नाही. वैद्यांच्या बोलण्यात औषधी चूर्णाला रसाच्या ‘भावना देणे’ हा प्रयोग आहे : चूर्ण रसात भिजवावयाचे, खलावयाचे, सुकवावयाचे आणि पुन्हा भिजवावयाचे. वारंवार केलेल्या क्रियेने वस्तूचा गुण बदलणे हा त्यातला अर्थ पालीतील भावनेच्या अगदी निकट आहे. दैनंदिन मराठीत त्याच जागी ‘सराव’ आणि ‘मशागत’ हे शब्द आहेत, परंतु पारिभाषिक लेखनाने त्यांच्याकडे पाहिलेले नाही.

‘सति’ या शब्दाचा प्रश्न या तिन्ही गटांत बसत नाही. पाली रूप जसेच्या तसे ठेवावे तर मराठीत ‘सती’ म्हणजे पतिव्रता किंवा सहगमन करणारी स्त्री. ‘स्मृती’ म्हणावे तर गतकाळाची आठवण एवढाच अर्थ उरतो. म्हणून अलीकडे ‘जागरूकता’ किंवा ‘सजगता’ म्हणण्याकडे कल आहे. परंतु हा बदल वाटतो तितका निर्दोष नाही. संयुत्तनिकायातील इंद्रियसंयुत्तात सतीची व्याख्या देताना फार पूर्वी केलेले आणि बोललेले आठवण्याचे सामर्थ्य हेच तिचे लक्षण सांगितले आहे. म्हणजे आठवणीचा अंश तिच्यातून काढून टाकता येत नाही; कोसंबींची ‘स्मृती’ अपुरी ठरते, चुकीची नव्हे. ‘सतिपट्ठान’ हा समासही सति आणि उपट्ठान असा फोडणे अधिक सयुक्तिक मानले जाते. उपट्ठान म्हणजे जवळ उभे राहणे, हजर असणे. आठवणीने हजर राहणे, हे दोन्ही अर्थ एकत्र सांभाळणारा मराठी शब्द ‘भान’ हा होय. भान सुटते, भान येते, भान ठेवावे लागते. कामाचेही भान असते आणि दिलेल्या शब्दाचेही. पहिल्यात वर्तमान आहे, दुसऱ्यात स्मरण आहे.

३

येथवर संज्ञांचा विचार झाला. परंतु सतिपट्ठानसुत्त बारकाईने वाचले असता असे दिसते की त्यातील काम संज्ञांकडे नाहीच. संज्ञा मथळ्याला आहेत. आशय क्रियापदांत आहे. भिक्षू दीर्घ श्वास घेताना तसे जाणतो, चालताना चालतो आहे हे जाणतो, आणि कायेकडे पाहत राहतो. यातील शेवटच्या प्रयोगात पालीने ‘अनुपस्सी’ या विशेषणाला ‘विहरति’ या क्रियापदाची जोड दिली आहे. मराठीत धातूच्या ‘-त’ रूपाला ‘राहणे’ जोडले की नेमका हाच अर्थ मिळतो : ‘पाहत राहतो’. ही रचना संस्कृतप्रचुर मराठीला सुचत नाही. ती ‘कायानुपश्यना करतो’ असे लिहिते. येथे वरवर पाहता काही बिघडलेले नाही. वस्तुतः बरेच बिघडले आहे. ‘पाहत राहणे’ ही एक स्थिती आहे. ‘अनुपश्यना करणे’ हा एक विधी होतो, जसे पूजा करणे, पारायण करणे. क्रियापदाचे नाम करून त्याला ‘करणे’ जोडण्याच्या या सवयीने सुत्तातील सहजता नष्ट होते आणि तिची जागा कर्मकांडाच्या सुराने घेतली जाते.

मराठीच्या सहायक क्रियापदांत या विषयाला लागणारे सूक्ष्म भेद आधीच तयार आहेत. ध्यान ‘करणे’ यात प्रयत्न आहे; ध्यान ‘लागणे’ यात प्रयत्नाचे फळ आपोआप येणे आहे; लक्ष ‘ठेवणे’ यात सांभाळणे आहे; लक्ष ‘असणे’ यात सांभाळण्याचीही गरज न उरणे आहे. मन ‘आवरणे’ म्हणजे पसरलेले गोळा करणे. मात्र देशी शब्द घेतला की सर्व प्रश्न सुटले, असे समजणे भाबडेपणाचे होईल. पालीत चित्ताचे ‘रक्खण’ वारंवार सांगितले आहे, आणि मराठीतील ‘राखणे’ हे त्याच धातूचे सरळ अपत्य आहे. गुरे राखणे, शेत राखणे, पाखरे राखणे हे प्रयोग घरोघरी आहेत. तथापि ‘मन राखणे’ म्हटले की मराठीत दुसऱ्याची मर्जी सांभाळणे असा अर्थ होतो, आणि ‘मन मारणे’ म्हणजे इच्छा दडपणे. तद्भव शब्दालाही स्वतःचा इतिहास असतो. तो न पाहता केलेला अनुवाद तत्सम शब्दाइतकाच फसवा ठरतो.

४

संज्ञा फसवतात आणि क्रियापदे मदत करतात. परंतु अर्थाचा खरा भार सुत्तांनी दृष्टान्तांवर ठेवलेला आहे. मज्झिमनिकायातील द्वेधावितक्कसुत्त हे त्याचे उत्तम उदाहरण. बोधिसत्त्व आपल्या विचारांचे दोन भाग करतो. कामना, द्वेष आणि हिंसा यांचे विचार एका बाजूला, त्यांच्या विरुद्ध विचार दुसऱ्या बाजूला. पहिल्या प्रकारासाठी दृष्टान्त असा : पावसाळ्याच्या अखेरच्या महिन्यात पिके दाट उभी असताना गुराखी गुरांना काठीने अडवतो, वळवतो, मारतो, कारण गुरे पिकात शिरली तर मार, कैद, दंड आणि निंदा वाट्याला येईल हे त्याला ठाऊक असते. दुसऱ्या प्रकारासाठी दृष्टान्त असा : उन्हाळ्याच्या अखेरच्या महिन्यात सर्व पीक गावात येऊन पडल्यावर तोच गुराखी झाडाखाली किंवा उघड्यावर बसतो, ‘ही गुरे आहेत’ एवढे भान ठेवले की त्याचे काम होते.

मनाच्या शिक्षणातील दोन टप्पे, निग्रहाचा आणि केवळ भान ठेवण्याचा, यांतील भेद कोणत्याही व्याख्येपेक्षा या दोन ऋतूंत अधिक स्पष्ट आहे. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरउतारावर नागली, वरई आणि भात उभे असताना गुरे राखणे म्हणजे काय, हे तेथील विद्यार्थ्याला समजावून सांगावे लागत नाही. पीक निघाल्यावर मोकाट सोडलेल्या गुरांवर नुसते लक्ष असणे म्हणजे काय, हेही त्याला ठाऊक असते. ‘स्मृती’ या शब्दावर अडलेला वाचक या ठिकाणी अडत नाही. सुत्तातील ‘सति’ हा शब्द दुसऱ्या दृष्टान्तातच येतो, काठीच्या दृष्टान्तात येत नाही, ही गोष्टही मग त्याच्या लक्षात येते. आणि ‘राखणे’ व ‘लक्ष असणे’ या दोन मराठी प्रयोगांतील अंतर हेच सुत्ताचे प्रतिपाद्य आहे, हे कळून येते.

अन्य सुत्तांतही हेच दिसते. सतिपट्ठानसुत्तात देहाचे निरीक्षण सांगताना दोन्ही बाजूंनी तोंड असलेल्या धान्याच्या पोत्याचा दृष्टान्त आहे : डोळस माणूस ते सोडून पाहतो आणि ही साळ, हे भात, हे मूग, हे उडीद, हे तीळ, हे तांदूळ असे ओळखतो. संयुत्तनिकायातील एका सुत्तात लावा पक्षी स्वतःचे रान सोडून भटकतो आणि ससाण्याच्या तावडीत सापडतो. पुन्हा नांगरलेल्या शेतातील ढेकळांत आल्यावर तो वाचतो. येथे ‘गोचर’ हा शब्द येतो. संस्कृतप्रचुर मराठीत गोचर म्हणजे इंद्रियांना जाणवणारे. मुळात तो गुरांच्या चरण्याच्या जागेचा, म्हणजे गायरानाचा, शब्द आहे. साप, सुसर, पाखरू, कुत्रा, कोल्हा व माकड एकत्र बांधून त्यांची दोरी खांबाला अडकवण्याचा दृष्टान्तही असाच. सहा प्राणी आपापल्या गोचराकडे ओढतात, थकतात आणि शेवटी खांबापाशीच बसतात. कायगतासती हा तो खांब. ‘हलवून खुंटा बळकट करणे’ हा प्रयोग ज्या भाषेत आहे तिला या दृष्टान्ताचे टिपण लागू नये.

मात्र दृष्टान्ताच्या अनुवादातही मोह असतो. वितक्कसंठानसुत्तात वाईट विचार घालविण्याच्या पाच उपायांपैकी पहिल्यासाठी सुताराचा दृष्टान्त आहे : तो बारीक खुंटीने जाड खुंटी ठोकून बाहेर काढतो. अनुवादकाला येथे ‘काट्याने काटा काढणे’ हा प्रयोग हटकून सुचेल. तो टाळला पाहिजे. त्या म्हणीत एका शत्रूकडून दुसऱ्याचा नाश करविण्याची युक्ती आहे, आणि काम झाल्यावर दोन्ही काटे फेकून द्यावयाचे असतात. सुताराची बारीक खुंटी मात्र जाड खुंटीची जागा घेते. म्हण आयती मिळाली, पण अर्थ हातचा गेला.

दृष्टान्ताला मर्यादाही आहे, आणि ती स्थळामुळे उघड होते. उन्हाळ्याच्या अखेरीस झाडाखाली निवांत बसलेला गुराखी हा सुत्तकाराने पाहिलेला गुराखी आहे. जव्हार-मोखाड्यातील कित्येक कुटुंबे पीक निघाल्यावर, दिवाळीच्या सुमारास, वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर मजुरीसाठी भिवंडी-वसईकडे जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यांच्या वर्षात दृष्टान्तातील दुसरा ऋतू येतोच असे नाही. म्हणून दृष्टान्त ‘लोकजीवनाशी जवळचा’ आहे एवढे म्हणून समीक्षकाला मोकळे होता येणार नाही. दृष्टान्ताचा पूर्वार्ध जिवंत अनुभवातून कळतो. उत्तरार्ध कित्येकांना आजोबांच्या आठवणीतून कळतो. सुत्ताचा अर्थ त्याने कमी होत नाही. परंतु भान ठेवण्यापुरती निवांत जागा ही कोणाकोणाला मिळते, हा प्रश्न मात्र वाचकाच्या बाजूने उभा राहतो, आणि तो टाळून सुत्त शिकवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

५

या परिसराला बौद्ध परंपरेशी जोडण्याची एक सोपी वाट आहे. ती येथे मुद्दाम तपासली पाहिजे. १ ऑगस्ट २०१४ रोजी निर्माण झालेल्या पालघर जिल्ह्यातच सोपारा येते. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूपाचे उत्खनन केले. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा त्याच वर्षी आणि नवव्याचा १९५६ मध्ये त्या परिसरात मिळाला. मज्झिमनिकायातील पुण्णोवादसुत्तात पुण्ण हा भिक्षू सुनापरन्त जनपदात जाण्याची अनुज्ञा मागतो, आणि अट्ठकथेच्या परंपरेने सुनापरन्ताचा संबंध सोपाऱ्याशी जोडला आहे. त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावणारी वैतरणा मोखाड्याच्या परिसरातून वाहत येऊन सोपाऱ्याच्या उत्तरेस समुद्राला मिळते. एवढ्यावरून पुण्णाचा उपदेश जव्हारच्या पठारापर्यंत पोचला होता, असे लिहिण्याचा मोह होणे शक्य आहे. पण नदी वाहते म्हणून सुत्त तिच्या उगमाकडे चढत गेले, हे सिद्ध होत नाही.

या सुत्तातून घ्यावयाचा धडा निराळा आहे. बुद्ध पुण्णाला विचारतो : तेथील लोक चंड आणि कठोर आहेत, त्यांनी शिव्या दिल्या तर, हातांनी मारले तर, ढेकळांनी, काठीने, शस्त्राने मारले तर काय करशील? प्रत्येक वेळी पुण्ण मनाची एक अधिक खोल तयारी दाखवतो. खंतीचे, म्हणजे क्षमाशीलतेचे, हे अप्रतिम चित्र आहे. (मराठीतील ‘खंत’ या शब्दाशी असलेले तिचे ध्वनिसाम्य पुन्हा फसवेच.) परंतु सुत्तात सुनापरन्ताचे लोक स्वतः बोलत नाहीत, त्यांच्याविषयी बोलले जाते. डोंगरातील आणि किनाऱ्यावरील लोकांना बाहेरून विशेषणे मिळण्याची परंपरा इतकी जुनी आहे. पुण्णाने त्या पावसाळ्यातच पाचशे उपासक आणि पाचशे उपासिका घडविल्या, असे सुत्त सांगते. ज्यांना चंड म्हटले ते इतक्या लवकर ऐकू लागले, याचा अर्थ त्यांच्याशी कोणीतरी त्यांना कळेल अशा भाषेत बोलले असले पाहिजे.

ती भाषा कोणती, हे सुत्त सांगत नाही; परंतु भाषेविषयीचे धोरण मज्झिमनिकायातच अन्यत्र, अरणविभंगसुत्तात, सांगितले आहे. एकाच भांड्याला निरनिराळ्या जनपदांत पाति, पत्त, सराव, पोण इत्यादी निरनिराळी नावे आहेत. एका जनपदाच्या शब्दाला हट्टाने चिकटून ‘हेच खरे, बाकी मिथ्या’ असे म्हणू नये, आणि रूढ शब्दाला ओलांडूनही जाऊ नये; जेथे जो शब्द चालतो तेथे तो आग्रह न धरता वापरावा. भाषाविज्ञानाच्या दृष्टीने हे विधान असामान्य आहे. शब्द हा व्यवहार आहे, सत्याचे आसन नव्हे, ही जाणीव तेथे स्पष्ट आहे. चुल्लवग्गातील ‘सकाय निरुत्तिया’ या प्रसिद्ध वचनाचा अर्थ वादग्रस्त आहे. बुद्धघोष त्याचा अर्थ मागधीच्या बाजूने लावतो. अरणविभंगाच्या बाबतीत मात्र असा वाद उपस्थित करण्यास जागा नाही.

हा निकष लावला तर मराठीतील दोन्ही टोके सदोष ठरतात. ‘वेदनानुपश्यना’ आणि ‘उपेक्षा’ यांना चिकटून राहणे म्हणजे एका विद्वज्जनपदाच्या शब्दाचा हट्ट. याउलट साळीच्या जागी नागली घालून, भिक्षूच्या तोंडी वारली बोली घालून सुत्त ‘स्थानिक’ करणे म्हणजे संहिता ओलांडून जाणे. त्यात बोलीचा गौरव दिसला तरी बोलीचा उपयोग शोभेपुरताच होतो. मधली वाट अवघड असली तरी तिची दिशा वरील विवेचनातून निघते. पारिभाषिक शब्द पाली रूपात, परका म्हणूनच, ठेवावा. ओळखीच्या संस्कृत वेषात आणू नये, कारण परका शब्द निदान अर्थ विचारावयास लावतो. विवरणात नामाऐवजी क्रियापद वापरावे, आणि ते मराठीच्या स्वतःच्या सहायक क्रियापदांनी घडवावे. आणि शिकवताना व्याख्येच्या आधी दृष्टान्त ठेवावा, त्याच्या मर्यादेसह.

‘समाधिमार्गा’चे श्रेय याने उणे होत नाही. कोसंबींनी ज्या वाचकासाठी लिहिले त्याच्यासाठी त्यांची परिभाषा पुरेशी होती. त्यांचे सोपे वाक्य आजही आदर्श आहे. ती परिभाषा अंतिम मानून पुढील पिढ्यांनी तीच गिरवली, हा दोष नंतरच्यांचा आहे. मनाला वळण लावण्याचे शास्त्र ज्या भाषेत शिकवावयाचे तिने आधी स्वतःच्या सवयींकडे पाहणे प्राप्त आहे. जव्हार-मोखाड्याहून आलेला विद्यार्थी ‘उपेक्षा’ या शब्दापाशी थांबतो तेव्हा त्याला शब्दकोश दाखवून पुढे नेता येईल. पण तो का थांबला हे विचारणे हे अध्यापकाचे काम आहे, आणि त्याच्या थांबण्यातून परिभाषेत दुरुस्ती करणे हे अभ्यासशाखेचे.